एका सुपारीचे अनेक अडकित्ते

संग्रहालयाचेही रसग्रहण करता येते. अट एवढीच की ते एका माणसाच्या नजरेतून उभे राहिलेले असावे. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय ही अट पुरेपूर पाळते. समितीने ठराव करून वस्तू मागवल्या, तज्ज्ञांनी कालखंड ठरवून दालने आखली, असा याचा जन्म झालेला नाही. एक माणूस १९२० च्या सुमारापासून जुन्या घरांचे उंबरे झिजवत राहिला. मनात भरेल ते तो मागून घेई, विकत घेई आणि आपल्या घरी आणी. १९६० पर्यंत त्याच्याजवळ पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. आज हा आकडा वीस हजारांवर गेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा नुसता पसारा वाटण्याची शक्यता आहे. पण थोडे रेंगाळून पाहिले की पसाऱ्यातले सूत्र हाती लागते, आणि ते सूत्र कवीचे आहे.

हा माणूस म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). पुणेकरांचे काका केळकर. चरितार्थासाठी चष्म्यांचे दुकान, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे नाव राजा. तो बालपणीच गेला. संग्रहालयाच्या नावात जो राजा आहे तो हा मुलगा. कोणा संस्थानिकाचा किताब नव्हे. पुत्रशोकाने माणसे घर आवरती घेतात, दारे लावून बसतात. केळकरांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी उलटे केले. आपल्या घराचे दार त्यांनी हजारो परक्या घरांतल्या वस्तूंसाठी उघडे ठेवले, आणि ते सारे धन मुलाच्या नावाने लोकांपुढे मांडले. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. स्मृती एका मुलाची आणि वस्तू अवघ्या समाजाच्या, अशी ही रचना आहे. विलापिकेत कवी स्वतःच्या दुःखाबद्दल बोलतो. इथे दुःखाचा उच्चारही नाही, फक्त नाव आहे. आणि त्या नावाखाली दुसऱ्यांच्या जगण्याचा इतका मोठा साठा आहे की पाहणाऱ्याला त्या दुःखाचे माप आपोआप कळते.

हे काम पुण्यात झाले, यालाही अर्थ आहे. इतिहासाच्या बाबतीत पुणे हे कागदाचे गाव. पेशवे दफ्तराचे रुमाल इथे. इथून जवळच, सदाशिव पेठेत, इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मोडीतली पत्रे, सनदा, जमाखर्च, बखरी शोधायच्या, वाचायच्या, छापायच्या, हे व्रत घेतलेली मोठी माणसे या शहराने पाहिली. त्यांच्या कामाचे मोल वादातीत आहे. पण कागदाला एक मर्यादा असते. ज्याच्याजवळ सत्ता, जमीन, वतन, देणेघेणे त्याचेच नाव कागदावर येते. कोणत्या सरदाराला केवढी पागोटी दिली याची नोंद दफ्तरात मिळेल. त्या सरदाराच्या घरातली बाई तिन्हीसांजेला कोणता दिवा लावत होती, पायाची टाच कशाने घासत होती, लेकराला दूध कशातून पाजत होती, हे दफ्तर सांगत नाही. तिने स्वतःही असले काही क्वचितच लिहून ठेवले; बहुतेकींना अक्षर शिकवले कोणी? केळकर त्याच गावात, त्याच काळात, कागदाने सोडून दिलेला हा इतिहास गोळा करत होते.

आता दालनात शिरू आणि अडकित्त्यांपाशी थांबू. या संग्रहालयाची पद्धत कळायला दुसरे कुठे जाण्याची गरज नाही.

अडकित्त्याचे काम किती साधे! खालच्या दांड्यात सुपारी बसेल एवढी खोबण, वर धार असलेले पाते, दोन्हींना जोडणारी एक खीळ. दाबले की सुपारी कातरली. यात बदलण्यासारखे काही नाही. पाते तिरपे झाले तर सुपारी निसटेल, दांडे आखूड केले तर जोर पोहोचणार नाही. कामाने घातलेली बंधने एवढी कडक की कारागिराला हात हलवायलाही जागा नसावी. तरी इथले अडकित्ते एकासारखा दुसरा नाही. कुठे दांड्यांचा पोपट झाला आहे, कुठे घोडा, कुठे स्त्रीपुरुषाची जोडी. खीळ पडते नेमकी तिथेच पक्ष्याचा डोळा येतो, म्हणजे जी गोष्ट यंत्र म्हणून हवीच होती तीच चित्रातली सर्वांत जिवंत जागा होते. जोडीच्या अडकित्त्यात हे आणखी खुलते. अडकित्ता मिटला की दोघे एकमेकांजवळ, उघडला की दूर. विडा लावताना दिवसातून कितीदा तरी ही भेट आणि ताटातूट घडत असणार. पाहुण्याला सुपारी कातरून द्यायची आहे, वेळ जेवणानंतरची आहे, गप्पा रंगल्या आहेत. या सगळ्या प्रसंगाची प्रसन्नता कारागिराने हातातल्या लोखंडात आणि पितळेत उतरवली.

असा एखादाच अडकित्ता काचेच्या पेटीत, दिव्याच्या झोतात ठेवला असता तर आपण म्हणालो असतो, वा, काय सुंदर वस्तू! आणि पुढे गेलो असतो. केळकरांनी त्यांची रांग लावली. पहिला पाहताना डोळा दिपतो. दुसरा पाहिला की पहिला परत पाहावासा वाटतो. पाचव्या-सहाव्यापाशी आपण तुलना करू लागतो: इथे मान जास्त वळली आहे, इथे नक्षी कमी पण पकड चांगली, हा दरबारी थाटाचा, हा शेतकऱ्याच्या चंचीतला. वस्तूंकडे पाहता पाहता त्या घडवणाऱ्या हातांकडे लक्ष जाते, आणि मग त्या वापरणाऱ्या हातांकडे. ही रांगच या संग्रहालयाची शैली आहे. एक काम, त्याची ठरलेली चौकट, आणि चौकट न मोडता काढलेल्या कितीतरी वाटा.

मराठी माणसाला हा घाट अनोळखी नाही. जात्यावरच्या ओवीचा घाट हाच. दळण तेच, लय तीच, पहाटेची वेळ तीच. पण प्रत्येक बाईने त्या लयीत आपली ओवी घातली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवण्याचे मोठे काम उभे केले. एखादी निवडक ओवी वाचून सुंदर वाटते. हजार ओव्या एकापाठोपाठ वाचल्या की एक सबंध समाज बोलतो आहे हे जाणवते. केळकरांचे संग्रहालय धातूत, लाकडात, कापडात असेच बोलते. ओव्या रचणाऱ्या बायकांसारखेच इथले कारागीर बहुतांशी निनावी आहेत. त्यांनी वस्तूवर सही केली नाही. तरी रांगेत उभे राहून पाहिले की त्यांचे वेगळेपण अचूक ओळखू येते.

स्त्रियांच्या वापरातल्या वस्तू हा या संग्रहाचा गाभा म्हणायला हवा. कुंकवाचे करंडे, फण्या, आरसे, काजळाच्या डब्या, दागिने. यांतली वज्री मला फार बोलकी वाटते. वज्री म्हणजे पायाच्या टाचा घासायचे साधन. खालचा भाग खरखरीत, जाळीदार रेघांचा. वरचा भाग हातात धरायचा. मातीतून, शेणातून, ओल्या अंगणातून दिवसभर फिरणाऱ्या अनवाणी पायांना भेगा पडणार, त्या भेगा घासून काढायच्या, एवढ्यासाठी ही वस्तू. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणारी, पाहुण्याच्या नजरेस कधीही न येणारी. म्हणजे दिखाव्याचा प्रश्नच नाही. आणि तिच्या मुठीवर हत्ती आहे, पक्षी आहे, बाईची आकृती आहे! काही वज्र्यांच्या पोकळ अंगात खडे घालण्याचीही रीत होती. घासताना त्या खुळखुळत. हे कोणासाठी केले? न्हाणीघरात एकटी बसलेली बाई, तिला दिवसातून मिळणारा अर्ध्या घटकेचा निवांत वेळ, आणि तिच्या मुठीत मावणारा हा हत्ती. कारागिराने तिचा तेवढा वेळ मानाचा केला. दरबारी चित्रापेक्षा या वस्तूत मला मोठी सभ्यता दिसते, कारण हिला प्रेक्षक नव्हता. आणि ती पितळेची क्षुल्लक वस्तू उचलून जपावी असे ज्या दांपत्याला वाटले, त्यांच्या नजरेचे मोठेपणही इथेच दिसते. बायकांच्या खोलीत, न्हाणीघरात, माजघरात कवी एकटा पोहोचू शकला नसता. कमलाबाईंची साथ या दालनांत पदोपदी जाणवते.

दिव्यांचे दालन या मानाने गंभीर आहे. समया, निरांजने, लामणदिवे, हातात धरायचे दिवे, साखळीने टांगायचे दिवे. दिव्याची गरज पुन्हा एकच: तेल, वात आणि वाऱ्यापासून आडोसा. टांगत्या दिव्यांत एक चतुर जात असते. साखळीच्या टोकाशी पक्षी असतो आणि तेलाचा साठा त्याच्या पोटात. वातीने तेल ओढून घेतले, खालच्या पणतीतली पातळी उतरली की पक्ष्याच्या पोटात हवा शिरते आणि तेवढेच तेल खाली येते. पातळी सावरली की हवेची वाट बंद होते आणि तेलही थांबते. रात्रभर कोणी उठून तेल घालायला नको. हवेच्या दाबाचे गणित कुठल्या ग्रंथात न वाचता ओतारी कारागिराने हे साधले, आणि साधल्यावर ते लपवले. पाहणाऱ्याला दिसतो तो साखळीवर बसलेला पक्षी. शास्त्र पोटात ठेवून रूप वर दाखवण्याची ही कला ज्या हातांना येत होती, त्यांना अडाणी म्हणण्याची आपली सवय या दालनात गळून पडते.

मग स्वयंपाकघर. शेवया पाडण्याचे यंत्र, खवण्या, पळ्या, किसण्या, मसाल्याचे आणि पानाचे डबे. या विभागाशी एक इतिहास निगडित आहे, तो समजून घेतल्याशिवाय केळकरांच्या कामाची निकड कळत नाही. पितळ आणि तांबे यांचा मोठा शत्रू गंज नाही, भट्टी आहे. भांडे चेपले, फुटले की ते मोडीत जाते, वजनावर विकले जाते, वितळते आणि त्याचे दुसरे भांडे होते. हे चक्र शतकानुशतके चालत आले. कसबा पेठेतली तांबट आळी त्याच चक्रावर जगली. जुने वितळले तरी नवे घडवणारा हात तोच होता, म्हणून तोवर काही बिघडत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घराघरांत स्टेनलेस स्टील आले. कल्हईची कटकट गेली, घासायचे कष्ट हलके झाले, आणि बायकांनी जुनी पितळी भांडी देऊन स्टीलची घेतली. त्यांचे काहीच चुकले नाही. पण त्या वेळी जे मोडीत गेले त्याच्या जागी तसे पुन्हा घडले नाही. चक्र तुटले. त्यात भर म्हणजे जुने वाडे पडू लागले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी जुनी घरे पाण्याने नेली. राहिलेल्यांच्या जागी पुढे इमारती उठल्या. वाड्याचे दार, गणेशपट्टी, खांब, तुळया यांना जळणाचे मोल आले. केळकरांनी गोळा करायला सुरुवात केली १९२० च्या सुमारास, म्हणजे हे सगळे अजून घराघरांत नांदत होते तेव्हा. मोडवाला ज्या वस्तूचे वजन करायचा तिचे केळकर रूप पाहायचे. ही दृष्टी तीस-चाळीस वर्षे उशिरा आली असती तर गोळा करायला फारसे काही उरले नसते.

कोरीव दारे, वाद्ये, शस्त्रे, चित्रकथीची चित्रे, चामड्याच्या बाहुल्या, गंजिफा हे सारे विभाग स्वतंत्र लेखांचे विषय आहेत. संग्रह फक्त मराठी मुलखापुरता नाही. गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत इथल्या वस्तूही त्यात आहेत आणि बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या आहेत. पण मस्तानी महालापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिल्या बाजीरावाने १७३४ च्या सुमारास मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला. त्याचे जे अवशेष उरले ते आणून केळकरांनी संग्रहालयात एका दालनाच्या रूपाने पुन्हा उभे केले. मस्तानीबद्दल आपल्याजवळ दंतकथा फार आणि पुरावा थोडा. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला तिचे नाव आहे, पाबळला तिची कबर आहे. १७४० च्या एप्रिलात रावेरखेडीला बाजीराव गेला आणि त्याच वर्षी तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादर पानिपतानंतर जखमांनी गेला. ज्या गावाने तिला जिवंतपणी आपले म्हटले नाही, त्याच गावाच्या भर पेठेत, एका कवीने तिच्या घराचे खांब उभे केले. या दालनात उभे राहिले की संग्रहाचा अर्थ आणखी मोठा होतो. वज्रीच्या निमित्ताने ज्या निनावी बाईला इथे मान मिळाला, तोच मान इतिहासाने नाव ठेवूनही बाजूला सारलेल्या बाईला मिळाला. केळकरांनी तिची बाजू घेऊन निबंध लिहिला नाही. तिला जागा दिली. संग्रहालयाच्या भाषेत याहून स्पष्ट विधान होऊ शकत नाही.

गुणांबरोबर मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्या याच गुणांतून निघाल्या आहेत. एका माणसाच्या आवडीतून झालेल्या संग्रहात त्याची आवड जिथे पोहोचली नाही तो भाग कोरा राहतो. सुंदर वस्तू वेचल्या गेल्या, म्हणून ज्यांना नक्षी परवडत नव्हती त्यांचे मडके, त्यांची चूल, त्यांचा केरसुणीचा कोपरा इथे कमी दिसतो. वस्तू तिच्या घरातून उचलली की तिची कहाणीही मागे राहते: हा अडकित्ता कोणाच्या आहेरातला, ही समई कोणत्या देवघरातली, हे पाटीवरच्या दोन ओळींत मावत नाही. ही उणीव संग्राहकाची म्हणण्यापेक्षा काळाची आहे. विकणाऱ्याला बरेचदा आपल्या वस्तूची लाज वाटत असते, तो तिची गोष्ट सांगत बसत नाही.

महाराष्ट्रातले दुसरे एक विलक्षण संग्रहालय शेजारी ठेवून पाहिले की केळकरांचे वेगळेपण उठून दिसते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती, हेन्री मूरचे शिल्पसुद्धा त्यांनी एवढ्याशा संस्थानात आणले. हेतू उदात्त होता: जगातले उत्तम ते आपल्या रयतेने पाहावे. औंध आपल्या माणसांना घराबाहेरचे जग दाखवते. केळकर त्यांना त्यांच्याच घरातले दाखवतात आणि सांगतात की उत्तम ते इथेही होते, तुमच्या आजीच्या फडताळात. एका छोट्या समाजाला दोन्ही शिकवणींची गरज असते. पण दुसरी देणे अवघड, कारण सवयीच्या वस्तूला डोळे सरावलेले असतात आणि सरावलेल्या डोळ्यांना पुन्हा पाहायला लावणे हेच कवीचे खरे काम आहे.

आज वीस हजारांवरच्या संग्रहापैकी अडीच हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. म्हणजे आठातला एक भाग आपण पाहतो. जागा अपुरी आहे हे उघड आहे आणि बावधनला नवे, प्रशस्त संग्रहालय उभारण्याची योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. ते जरूर व्हावे. सात भाग अंधारात राहणे या वस्तूंवर आणि आपल्यावर अन्याय आहे. मात्र नव्या इमारतीत एक मोह टाळायला हवा. आधुनिक मांडणीची रीत अशी की निवडक वस्तू घ्यायची, भोवती मोकळी जागा सोडायची, वरून दिवा टाकायचा. चित्राला ते शोभते. इथे तसे केले तर सर्वोत्कृष्ट अडकित्ता उरेल आणि केळकरांची कविता जाईल. त्यांचे म्हणणे एका वस्तूत नव्हतेच. ते एकासारख्या दिसणाऱ्या कितीतरी वस्तूंच्या शेजारात होते, एकाच कामाला वेगवेगळ्या हातांनी दिलेल्या उत्तरांत होते. म्हणून नव्या दालनांत रांगा हव्यात, दाटी हवी, आणि पाहणाऱ्याला तुलना करत रेंगाळायला बाके हवीत. वस्तूंबरोबर त्यांचे काम कसे चालते ते सांगणारी माणसे हवीत, जमल्यास तांबट आळीतलीच. राजाच्या नावाने उभे राहिलेले हे धन पुढच्या पिढीला त्याच्या पूर्ण अर्थासह मिळावे, तर वस्तू हलवताना केळकरांची पाहण्याची रीतही बरोबर न्यायला हवी.